श्वानविमा : कशासाठी आणि कोणासाठी?

मध्यमवर्गीय घरात कुत्रा आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, त्याला दूधभाकरी घालण्याचे काम आईकडे येते आणि तो आजारी पडला म्हणजे पशुवैद्याचे बिल मिळवत्या माणसाच्या खिशातून जाते. ही श्रमविभागणी जुनीच आहे. नवे आहे ते त्या बिलाचे आकारमान. एके काळी पशुवैद्याकडे जाणे म्हणजे एखादे इंजेक्शन, चार गोळ्या आणि 'दोन दिवस भात-ताकच द्या' हा सल्ला, एवढाच व्यवहार होता. आज रक्ततपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी, भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया ही सर्व साधने शहरातील पशुवैद्याच्या हाताशी आहेत. प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु तिच्यामागोमाग एक अवघड प्रश्न घरात शिरला आहे. उपचारच नव्हता तेव्हा 'त्याचे आयुष्य तेवढेच' असे म्हणून डोळे पुसता येत होते. आता उपचार आहे. तो परवडतो की नाही, एवढेच घराने सांगावयाचे असते.

हे सांगणे किती जड जाते याचा एक प्रसंग प्रस्तुत लेखकाने पशुवैद्याच्या दारात पाहिला आहे. सात वर्षांच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता. शस्त्रक्रिया त्याच दिवशी केली तर ती वाचण्याची शक्यता बरीच होती. डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला. नवराबायको बाहेर येऊन जिन्यापाशी उभे राहिले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. मुलाच्या शिकवणीचा हप्ता, महिन्याची वीस तारीख, कोणाकडून उसने मिळतील याची उजळणी. कुत्री आत टेबलावर होती आणि तिचे डोळे दाराकडे लागले होते. पुढे शस्त्रक्रिया झाली व ती वाचलीही. पण जिन्यावरच्या त्या दहा मिनिटांत आपण काय तोलत होतो, याची बोच त्या दोघांच्या मनातून लवकर गेली नसावी.

या दहा मिनिटांवरचा उतारा म्हणून विमा कंपन्या आता श्वानविमा पुढे करीत आहेत. तो घ्यावा काय? या प्रश्नाला सरसकट होकार वा नकार देणे सोपे आहे. पण शिक्षक, कारकून आणि नुकतेच मिळवू लागलेले तरुण यांच्या बेताच्या मिळकतीत हप्त्यांची आधीच गर्दी असते, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

गोठ्यातून दिवाणखान्यात

जनावरांचा विमा ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९७३ साली सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले, शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या आणि पुढील काळात गाईम्हशींचा विमा खेडोपाडी पोहोचला. कानात बिल्ला मारलेली म्हैस ज्याने पाहिली आहे, त्याला या विम्याचे तंत्र ठाऊक आहे. जनावराची बाजारभावाने किंमत ठरवावयाची, त्या किमतीच्या काही टक्के हप्ता घ्यावयाचा, जनावर मेले की पशुवैद्याचा दाखला आणि कानातला बिल्ला हजर करावयाचा आणि भरपाई घ्यावयाची. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा त्यातला पहिला धडा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या विम्यात पूर्ण तथ्य आहे. म्हैस मेली म्हणजे दुधाचे उत्पन्न बुडते आणि बँकेचे कर्ज मात्र जिवंत राहते. भरपाईतून दुसरी म्हैस घेता येते. सरकारी कंपन्यांनी पुढे कुत्र्यांचा विमा सुरू केला तो बहुतांशी याच साच्यातून काढलेला होता. किंमत बाजारभावाची आणि मुख्य भर मृत्यूवर. येथेच घोटाळा झाला. घरचा कुत्रा मेला म्हणून घराचे उत्पन्न एक पैशानेही घटत नाही. घटते ते दुसरेच काही, आणि ते भरून देण्याचे कलम कोणत्याही विमापत्रात लिहिता येत नाही. कुत्रा पाळणाऱ्याला पैसा हवा असतो तो कुत्रा जिवंत असताना, त्याला वाचवण्यासाठी. तो गेल्यावर हाती येणारा धनादेश हा, म्हटले तर, बैल गेल्यावर केलेला झोपाच होय.

बाजारभावाच्या या साच्यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. दुकानातून हजारो रुपये मोजून आणलेल्या लॅब्राडोरला किंमत असते. पावसात जिन्याखाली कुडकुडत असताना मुलांनी उचलून आणलेल्या गावठी पिल्लाची किंमत शून्य. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण व्यापाऱ्याच्या हिशेबात खरी असेल. पण रात्री दार उघडताच शेपटी हलवत पुढे येणाऱ्या प्राण्याला ती लावता येत नाही. २०२० पासून काही खासगी कंपन्यांनी आजारपण व शस्त्रक्रिया यांच्या खर्चाचे विमे बाजारात आणले आणि त्यांतील काहींनी देशी व संकरित कुत्र्यांनाही दार उघडले, हा निश्चितच चांगला बदल आहे. परदेशांत ही वाट जुनी आहे. स्वीडनमध्ये कुत्र्याचा पहिला विमा १९२४ साली उतरवला गेला. अमेरिकेत १९८२ साली पहिले विमापत्र दिले गेले ते चित्रपट-दूरदर्शनवरील प्रसिद्ध 'लॅसी'ला. आपल्याकडे माणसांच्या 'मेडिक्लेम'चाच जन्म १९८६ चा. तेव्हा कुत्र्यांच्या बाबतीत आपण आता पहिल्या इयत्तेत आहोत, यात नवल नाही.

हप्त्याचे गणित

विमा म्हणजे बचत नव्हे, ही गोष्ट सुशिक्षित माणूसही वारंवार विसरतो. कंपनीने गोळा केलेल्या हप्त्यांतून दावे तर भागले पाहिजेतच, शिवाय कचेरीचा खर्च, दलालाचे कमिशन आणि नफाही निघाला पाहिजे. याचाच अर्थ, सर्व विमाधारक मिळून जेवढे भरतात त्याहून कमी त्यांना परत मिळते. यात फसवणूक नाही; निश्चिंततेची ती किंमत आहे. प्रश्न एवढाच की, ज्या संकटाची निश्चिंतता आपण विकत घेत आहोत ते संकट घर बुडवणारे आहे की नुसते घराला ओढाताणीत टाकणारे?

हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे धरू. समजा, वर्षाला ४,२०० रुपये हप्ता आहे आणि उपचारखर्चाची मर्यादा ४०,००० रुपये आहे. तेवढीच रक्कम, म्हणजे दरमहा ३५० रुपये, कोणी टपाल कार्यालयात वा बँकेत आवर्ती ठेवीत टाकली, तर आठ वर्षांत व्याज सोडून ३३,६०० रुपये जमतील. या आठ वर्षांत कुत्रा ठणठणीत राहिला तर ठेव ठेवणाऱ्याजवळ सगळी रक्कम शिल्लक आहे; विमा घेणाऱ्याजवळ पावत्यांची चळत. उलट, एकदाच पूर्ण मर्यादेचा, म्हणजे चाळीस हजारांचा आजार आला, तर विमा घेणारा ६,४०० रुपयांनी फायद्यात. थोडक्यात, हप्ता स्थिर राहिला असे मानले तरी, साडेनऊ वर्षांतून एकदा पूर्ण मर्यादेचा दावा झाला तरच भरलेले पैसे निघतात. कुत्र्याचे एकूण आयुष्य दहाबारा वर्षांचे. म्हणजे आयुष्यात एक मोठे आजारपण आले आणि त्याचा दावा संपूर्ण मंजूर झाला, तर बरोबरी.

पण गणिताची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. संकट आठवे वर्ष उजाडण्याची वाट पाहत नाही. दीड वर्षाच्या कुत्र्याला रस्त्यात मोटारीने उडवले आणि मांडीचे हाड मोडले, तर तोवर ठेवीत जमलेले असतील ६,३०० रुपये. उरलेले ३३,७०० कोठून आणावयाचे? जिन्यावरची ती दहा मिनिटे येथेच येतात. तेव्हा विम्याचे खरे मोल पहिल्या तीनचार वर्षांत आहे, आणि तेही त्या घराला, जिथे तीसचाळीस हजार रुपये एकदम उभे करणे अशक्य आहे. ज्याच्याजवळ एवढी गंगाजळी बाजूला आहे त्याने स्वतःच स्वतःचा विमा उतरवलेला आहे. त्याने कंपनीला कमिशन देण्याचे कारण नाही.

याच ठिकाणी माणसाच्या आणि कुत्र्याच्या विम्यातला मुख्य भेद लक्षात घ्यावा. घरातील माणूस आजारी पडला तर खर्चाला मर्यादा घालण्याचे स्वातंत्र्य आपल्याला नसते. दागिने विकूनही उपचार करावे लागतात. म्हणून कुत्र्याचा विमा घेण्यापूर्वी घरातील सर्व माणसांचा आरोग्यविमा पुरेसा आहे काय, हे पाहणे हे पहिले कर्तव्य. त्या हप्त्यावर प्राप्तिकरातील सवलत जुन्या करपद्धतीत मिळते. कुत्र्याच्या हप्त्यावर ती कोणत्याही पद्धतीत मिळत नाही. कायद्याच्या लेखी तो कुटुंबीय नाही. आपल्या लेखी असेल. पण क्रम चुकवून चालणार नाही.

कलमांच्या जंगलात

विमापत्र हे प्रेमपत्रासारखे वाचावयाचे नसते, खरेदीखतासारखे वाचावयाचे असते. पाच गोष्टी तरी बारकाईने पाहाव्यात.

पहिली, वय. कुत्रा सातआठ वर्षांचा झाला की नवा विमा मिळणे दुरापास्त होते, आणि मोठ्या जातींच्या बाबतीत ही रेघ त्याहूनही अलीकडे ओढलेली असते. सांधे, मूत्रपिंडे, हृदय, गाठी यांची दुखणी सुरू होतात ती साधारण याच वयात. छत्री नेमकी पावसाच्या तोंडावर मिटणार असेल, तर ते आधी ठाऊक असावे. चालू विम्याचे नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होते, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी, लसीकरण. पार्व्हो, डिस्टेम्पर, पिसाळ यांसारखे लसीने टळणारे रोग, लस दिली नसेल तर, सहसा विम्याच्या बाहेर ठेवलेले असतात. आणि लसीचा खर्च तर बहुधा विम्यातून मिळतच नाही. पिल्लांना सर्वांत मोठा धोका पार्व्होचा. म्हणजे ज्याने लस दिली त्याचा धोका लसीनेच टाळला आणि ज्याने दिली नाही त्याला विमाही तारत नाही.

तिसरी, आधीचे व जन्मजात आजार. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांसारख्या जातींत कमरेचा सांधा सैल असण्याचा दोष आढळतो. असा दोष विम्यात येतो की 'जन्मजात' म्हणून वगळला जातो, हे एका शब्दावर अवलंबून असते.

चौथी, 'रुग्णालयात दाखल' या शब्दांची व्याख्या. आपल्याकडे गोचीडतापाने आजारी कुत्र्याला रोज दवाखान्यात नेऊन सलाईन लावतात आणि संध्याकाळी घरी आणतात. पाच दिवस हे चालते. खर्च होतो, पण कुत्रा 'दाखल' झालेला नसतो. विमा केवळ दाखल झालेल्या रुग्णाचा असेल, तर या दाव्याचे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याने तर आधी स्वतःला विचारावे, की येथे जनावराला रात्रभर ठेवून घेणारे एक तरी रुग्णालय आहे काय? नसेल तर आपण हप्ता भरतो तो कशाचा?

पाचवी, ओळख. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याची जागा आता कातडीखाली बसवलेल्या तांदळाएवढ्या चिपने वा छायाचित्रांनी घेतली आहे. धडा तोच, आजारी पडलेला कुत्रा विमा उतरवलेलाच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. लसीकरणाची वही, पावत्या, चिठ्ठ्या जपून ठेवण्याची शिस्त नसेल, तर विमा न घेतलेलाच बरा.

भीक नको, पण कुत्रा आवर

इतका वेळ आपण कुत्र्याला होणाऱ्या इजेचा विचार केला. कुत्र्याकडून इतरांना होणाऱ्या इजेचे काय? शेजारच्या मुलाच्या गालाला चावा बसला, दुचाकीवरून जाणारा माणूस अंगावर आलेल्या कुत्र्यामुळे पडून जायबंदी झाला, तर भरपाईच्या मागणीला वरची मर्यादा नसते. उपचार किती करावयाचा हे आपण ठरवू शकतो. दुसऱ्याचे नुकसान किती झाले हे आपण ठरवू शकत नाही. विम्याच्या शास्त्राप्रमाणे विमा उतरवण्यास सर्वाधिक योग्य संकट असेल तर ते हेच. क्वचित घडणारे, पण घडले तर कंबरडे मोडणारे. काही श्वानविम्यांत या त्रयस्थ-दायित्वाचे कलम असते. जाहिरातीत ते तळाशी असते. ग्राहकाने ते प्रथम वाचावे. मोठा किंवा राखणीचा कुत्रा पाळणाऱ्याने तर त्यासाठी अवश्य पैसे मोजावेत.

मात्र विम्याने मालकाचे उत्तरदायित्व संपत नाही. जनावराच्या बाबतीत हलगर्जीपणा करून दुसऱ्यास धोका उत्पन्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. तुरुंगवासाचा विमा कोणतीही कंपनी उतरवीत नाही. साखळी, पालिकेचा परवाना आणि दरवर्षीची पिसाळप्रतिबंधक लस हाच त्यावरचा हप्ता.

मग करावे काय?

आमचे मत असे की, आजच्या स्वरूपातील श्वानविमा प्रत्येक घराने घ्यावा असा नाही. ज्याचा कुत्रा तरुण आहे, जो सुसज्ज पशुरुग्णालय असलेल्या शहरात राहतो आणि ज्याला मोठी रक्कम एकदम उभी करता येत नाही, त्याने पहिली काही वर्षे उपचारखर्चाचा विमा घ्यावा. सोबत थोडीथोडी ठेव साठवावी आणि ठेव पुरेशी झाली की विम्याचा पुनर्विचार करावा. मृत्यू व चोरी यांची कलमे, पैदाशीसाठी कुत्रे न पाळणाऱ्याने, सोडून द्यावीत. त्रयस्थ-दायित्वाचे कलम मिळाले तर घ्यावे. आणि विमा घ्या वा न घ्या, लसीकरण, गोचिडांचा बंदोबस्त व वेळेवर निर्बीजीकरण या तीन गोष्टींवरचा खर्च कोणत्याही हप्त्याआधी करावा. आरंभी सांगितलेल्या कुत्रीचे निर्बीजीकरण तरुणपणीच झाले असते, तर जिन्यावरचा तो प्रसंग बहुधा आलाच नसता.

हे झाले व्यक्तीचे. परंतु हा प्रश्न केवळ ज्याच्या त्याच्या खिशावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. मुंबईत प्राण्यांच्या छळास आळा घालणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली, परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले आणि तेथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाने पिढ्यान्‌पिढ्या गरिबाच्या कुत्र्यालाही दार उघडे ठेवले. कोणताही हप्ता न भरलेल्या हजारो लोकांचा हाच खरा विमा होता. आज नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. जिल्हा परिषदांचे पशुवैद्यकीय दवाखाने गाईगुरांसाठी उभारले गेले आणि ते योग्यच होते. पण तालुक्याच्या गावी एका तरी दवाखान्यात लहान प्राण्यांसाठी क्ष-किरण आणि शस्त्रक्रियेची सोय का असू नये? विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने २०२० साली माणसांसाठी 'आरोग्य संजीवनी' हे सर्व कंपन्यांना समान अटींचे विमापत्र लागू केले. त्याच धर्तीवर कुत्र्यांसाठीही एक साधे, समान शर्तींचे, मराठीतून वाचता येणारे विमापत्र निघावे, आणि त्यात गावठी कुत्र्याची विमारक्कम त्याच्या बाजारभावावर नव्हे, तर उपचाराच्या खर्चावर ठरावी. सामान्य ग्राहकाची कलमांच्या जंगलातली निम्मी पायपीट त्यामुळे वाचेल.

यावर कोणी म्हणेल की, माणसांना औषध मिळत नाही तेथे कुत्र्यांचे कौतुक कशाला? आक्षेप निरुत्तर करणारा वाटतो. पण कुत्रा पाळण्याची सक्ती कोणी कोणावर केलेली नसते. पाळलेल्या प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अपराध आहे, जरी पहिल्या वेळचा दंड त्यात अवघा दहा ते पन्नास रुपये लिहिलेला असला तरी. आजारी कुत्रा रात्री दूरच्या वस्तीत सोडून येणारे 'सुसंस्कृत' लोक आपल्यातच आहेत. उपचाराचा खर्च झेपत नाही, एवढेच पुष्कळदा त्यामागचे कारण असते. तो कुत्रा मग इतरांच्या, विशेषतः गरिबांच्या, वस्तीत रोग पसरवतो.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी उभा राहतो आणि सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून आत येण्याचे नाकारतो. आपल्यापैकी कोणी धर्मराज नाही आणि आपल्यापुढे स्वर्गाचे दारही नाही. आहे ते पशुवैद्याच्या दवाखान्याचे. त्या दारापाशी पोहोचण्याआधी, कुत्रा धडधाकट असतानाच, घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसून ठरवावे, की आपण याच्यासाठी किती करू शकतो आणि ते कोठून करणार. विमापत्रावर सही करावयाची की ठेवीचे पुस्तक उघडावयाचे, हा त्यानंतरचा प्रश्न. पिल्लू घरात आणताना हा विचार केला नसेल, तर तो आज संध्याकाळीही करता येईल.